वाइंडिंग खात्यातलं बोलणं

"तुमच्या भावाला आता बरं आहे ना?" खवणेकरांनी विचारलं आणि बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली.

"मजेत आहे. दुबईला असतो तो," मी म्हटलं. हे उत्तर आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं.

"दुबईला?" ते हसले. मोठ्यानं नाही. मोठ्यानं काही करणं त्या माणसाच्या स्वभावातच नव्हतं. "मला वाटलं, इस्पितळात असतात. खोलीला बाहेरून कडी घालतात म्हणे. असो. अशा गोष्टी घरातल्या घरात राहिलेल्या बऱ्या, मॅडम. हेड ऑफिसात कळल्या की लोक उगाच माणसाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतात."

मी चहा पीत राहिले. वसंताच्या खोलीला बाहेरून कडी असते हे मी जन्मात एकाच परक्या माणसाला सांगितलं होतं. तेही त्याच दिवशी सकाळी, ह्याच खोलीत, दार लावून.

मी तेव्हा पुण्याला एका कापड उद्योगाच्या पर्सोनेल खात्यात होते. कुठल्या युनिटमधून तक्रार आली की मला पाठवायचे. "चौबळबाईंना संसार नाही आणि तोंड आहे," असं आमचे मोठे साहेब म्हणत, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ह्या खेपेची तक्रार सोलापूरबाहेरच्या आमच्या सूतगिरणीतून आली होती. वाइंडिंग खात्यातल्या शालन मिसाळ नावाच्या बाईनं मॅनेजर सुधाकर खवणेकर यांच्याविरुद्ध केलेली. साहेब आमचा छळ करतात, एवढं म्हणून पुढे तिनं लिहिलं होतं की ते शिवी देत नाहीत, ओरडत नाहीत, कुणाच्या अंगाला हात लावत नाहीत. ते फक्त आमचंच बोलणं आम्हाला ऐकवतात.

मी पंचवीसेक तक्रारी हाताळल्या असतील, पण असली पहिलीच. आमच्या ऑफिसात सगळ्यांनी ती वाचून हसून घेतलं. मीही हसले होते.

गिरणीत पाय ठेवला तेव्हा पहिल्यांदा काय झालं असेल तर मला काही ऐकू येईनासं झालं. वाइंडिंग खातं म्हणजे एक लांबच लांब शेड. बॉबिनवरचं सूत मोठ्या कोनांवर गुंडाळणाऱ्या मशीनच्या रांगा, आणि त्यांच्यामधून बायका उभ्या. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. सूत तुटू नये म्हणून छताजवळून पाण्याचं धुकं सोडत, त्यामुळे चार रांगांपलीकडचं माणूस पांढुरकं, अर्धवट पुसल्यासारखं दिसे. आवाज इतका की शेजारी उभ्या खवणेकरांनी माझं स्वागत केलं ते मला त्यांच्या जोडलेल्या हातांवरून समजलं.

चौकशीसाठी त्यांनी स्वतःची खोली मला देऊ केली. शेडच्या एका टोकाला लोखंडी जिना चढून जायचं, वर काचेची केबिन. दार लावलं की आवाज एकदम बंद. "माझी सोडून दुसरी शांत जागा गिरणीत नाही. तुम्ही आरामात बसा, बायकांना एकेक करून बोलवा. मी खाली खात्यात असतो, म्हणजे कुणाला माझं दडपण नको," असं ते म्हणाले. मला माणूस सभ्य वाटला. एकच गोष्ट खटकली. बोलताना ते डोळ्यांत बघत नसत, तोंडाकडे बघत. माझा एक दात पुढे आहे. त्यामुळे मला वाटलं, ते त्याच्याकडेच बघताहेत.

शालन मिसाळ काचेकडे पाठ करून बसली. पस्तिशीची, हाडापेरानं मजबूत बाई. तिच्या केसांत, भुवयांत, पदरावर कापूस होता. रडण्याआधी ती रागावली, आणि रागावलेल्या माणसाचं मला पटकन समजतं.

तिच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. मुलीला लहानपणी फिट यायची. कैक वर्षांत आली नव्हती. हे शालननं खात्यातल्या एकाच बाईला, तिच्या जिवाभावाच्या नरसम्माला सांगितलं. दोघी एकाच दिवशी कामाला लागलेल्या, एकाच डब्यातलं खाणाऱ्या. तिसऱ्याच दिवशी खवणेकर राउंडला आले असता शालनच्या मशीनपाशी थांबले. शेजारी जॉबर होता. खात्यातल्या मुकादमाला तिथे जॉबर म्हणत, आणि हा जॉबर नवऱ्या मुलाचा सख्खा चुलता. शालनला शेडबाहेरच्या पॅसेजमध्ये बोलावून, जॉबरच्या देखत, खवणेकरांनी अगदी आपुलकीनं विचारलं, की मुलीच्या फिटचं डॉक्टर काय म्हणतात. लग्न त्याच आठवड्यात मोडलं.

असं एकटीचंच नव्हतं झालं. कुणाचा नवरा घर सोडून गेला होता, कुणी युनियनच्या माणसाला चोरून भेटत होती, कुणी गर्भ पाडून घेतला होता. साहेब येत, हसत, पॅसेजमध्ये बोलावून तेवढी एकच गोष्ट हळू आवाजात विचारत आणि पुढे जात. बायका एकमेकींकडे संशयानं बघायला लागल्या. शेवटी सगळ्यांचं बोट एकीकडे वळलं.

"नरसम्मानंच फोडलं," शालन म्हणाली. "मी तिच्याबिगर कुनाला बोललेच न्हाई, मॅडम. साहेबानं तिला फितवली. तिला काढा. ती हाय तवर आमी त्या खात्यात जगायचं न्हाई."

तिची मागणी अशी सरळ होती. खवणेकर गोड बोलणारे, पुण्यातल्या लोकांचे लाडके. त्यांच्यावर काही शाबीत होणार नाही हे मला दिसत होतं. मात्र चौकशी झाली की कुणाचा तरी बळी द्यावा लागतो, आणि तो बहुधा नरसम्मा कामुर्तीचाच जाणार होता. माझ्या अहवालातल्या दोन ओळींनी तिची नोकरी गेली असती आणि वर चहाडखोर म्हणून नाव झालं असतं. सोलापुरात गिरणीतल्या बाईला ते नाव लागलं की दुसऱ्या गिरणीचं दार उघडत नाही.

"हे तुम्ही तिला कुठे सांगितलंत? घरी, की डबा खाताना?" मी विचारलं.

"खात्यातच की. मशीन चालू असताना. भिंतीला कान असत्यात म्हनं, पर मशीनपुढं भिंतबी बहिरी. आमी झाकायचं ते समदं खात्यातच बोलतो."

मला डोळ्यांसमोर आलं ते असं, की एक बाई दुसरीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडते आहे. मी तसंच धरून चालले. मग ती रडायला लागली. मोठ्या लोकांच्या घरात असलं काही नसतं, तुम्हाला काय कळणार, असं म्हणाली. मला ते झोंबलं. मी तिला वसंताबद्दल सांगितलं. दुबई, इस्पितळ, कडी, सगळंच. ती डोळे पुसून खाली गेली, आणि मी काचेतून तिला आपल्या मशीनपाशी, शेडच्या पार दुसऱ्या टोकाला जाताना बघितलं. खवणेकर अलीकडच्या रांगेत उभे होते. तिथूनच ते जिना चढून वर आले आणि त्यांनी चहा मागवला.

म्हणजे शालनला त्यांना काही सांगायला सवड मिळालीच नव्हती. हे माझ्या डोळ्यांनी बघितलेलं असूनही चहा संपेपर्यंत माझ्या मनात एकच गोष्ट होती, की ह्या बाईनं मला विकलं. तिला नरसम्माबद्दल जे वाटत होतं तेच.

दुसऱ्या दिवशी मी एकेक बाईला वर बोलावलं. प्रत्येकीनं खवणेकरांचं कौतुक केलं. साहेब देवमाणूस. साहेब वेळेवर सुट्टी देतात. ऐकून ऐकून मला वीट आला. बोलताना त्या माझ्याकडे न बघता छताकडे, कोपऱ्यांकडे, टेबलावरच्या टेलिफोनकडे बघत. एकीनं बसण्याआधी खुर्चीखाली वाकून पाहिलं. शेवटी चंद्रभागा नावाची म्हातारी आली. खात्यातली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत चावट बाई म्हणून तिची ख्याती. तिचंही देवमाणूस म्हणून झालं, उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. माझ्या कानाशी वाकून ती म्हणाली, "लिवू नका. त्येंच्यापाशी कर्णपिशाच्च हाय."

कर्णपिशाच्च म्हणजे काय ते मला आमच्या आजोळी ऐकून माहीत होतं. ज्याला ते वश असतं त्याच्या कानात ते कुजबुजतं. जगात कुठेही, कुणीही, काहीही बोललेलं त्याला कळतं. बायकांनी ह्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर नारळ फोडून पाहिला होता, एकीनं गाणगापुराहून अंगारा आणून मशीनला लावला होता. उपयोग झाला नाही. उलट साहेबांनी त्या बाईला दुसऱ्याच दिवशी विचारलं, की अंगारा किती दिवस पुरतो.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नव्हे. पण चंद्रभागा गेल्यावर मी टेबलाखाली रांगत शिरले. टेलिफोन उचलून खालून बघितला. कॅलेंडरच्या मागे, कपाटाच्या वर, गणपतीच्या तसबिरीच्या मागे हात घालून पाहिला. सगळीकडे कापूस निघाला. उठले तेव्हा खाली रांगांच्या मधोमध खवणेकर उभे होते आणि माझ्याकडे बघून त्यांनी मान लववली. दुपारी ते वर आले तेव्हा म्हणाले, "काही हरवलं होतं का, मॅडम? माझ्या खोलीत सहसा काही हरवत नाही."

त्या खोलीत मला बसवेना. नरसम्माला वर बोलावण्याऐवजी मीच खाली गेले.

ती मधल्या रांगेत होती. बारीक, काळीसावळी, नाकात दोन्हीकडे चमकी. तिच्या मशीनच्या दोन्ही अंगांना बायका होत्या, पण त्यांच्या पाठी तिच्याकडे होत्या. समोरच्या रांगेतल्या बायकांच्याही माना दुसरीकडे वळलेल्या. एवढ्या मोठ्या शेडमध्ये एकही चेहरा तिच्या दिशेला नव्हता. बाकी सगळीकडे बायकांची तोंडं चालू होती, हात हलत होते, डोळे उडत होते. ह्या गदारोळात इतक्या लांबून ओरडून एकमेकींचं कसं ऐकू जातं, याचं मला नवल वाटलं. मी नरसम्माच्या कानाशी जाऊन ओरडले, की मी चौबळ, पुण्याहून आले. तिनं माझ्या तोंडाकडे बघून मान हलवली. मी आणखी काही ओरडणार तेवढ्यात वीज गेली.

मशीनचा आवाज एकदम नाही थांबला. तो खाली खाली उतरत गेला, चरख्यासारखा नुसता घुमत राहिला आणि संपला. छतातलं धुकं थांबलं. दिवे गेले, पण वरच्या झरोक्यांतून उजेड येत होता. आणि त्या उजेडात सगळ्या बायका बोलतच होत्या. त्यांचे ओठ हलत होते, हात हलत होते, माना डोलत होत्या, आणि आवाज अजिबात नव्हता. एकीच्याही घशातून आवाज नव्हता. ओठ मात्र भरभर चालले होते.

मला वाटलं, माझे कान गेले.

"वीज गेली, मॅडम," नरसम्मा म्हणाली, आणि ते मला स्वच्छ ऐकू आलं.

मी मशीनला धरून उभी राहिले. त्या ओरडत नव्हत्याच. कधीच ओरडत नव्हत्या. नरसम्मानं नंतर सांगितलं, की नवी बाई खात्यात आली की तिला आधी हे बोलायला शिकवतात आणि मग काम. घशाला ताण कोण देणार आठ तास? ओठ बघायचे आणि हात बघायचे. वीज गेली तरी सवयीनं थोडा वेळ तसंच चालतं.

रांगेच्या टोकाला चंद्रभागा उभी होती. तिनं कमरेवर हात ठेवला, जॉबर नेहमी उभा राहतो तिकडे मानेनं खूण केली आणि ओठांनी काहीतरी म्हणाली. काय ते मला पुढे कळलं, पण इथे सांगण्यासारखं नाही. सगळं खातं हसलं. हसलं म्हणजे सगळ्यांचे खांदे हलले, पदर तोंडाशी गेले. आवाज एवढासाही नाही.

मी वर बघितलं ते का, आठवत नाही. काचेमागे, बंद दाराआड, खवणेकर उभे होते. आणि त्याच क्षणाला मान मागे टाकून ते हसत होते.

नरसम्मानंही बघितलं. तिच्या हातातली बॉबिन तशीच राहिली. वीज आली, गिरणीनं पुन्हा सूर धरला, तरी ती वरच बघत होती. मग तिनं माझं मनगट धरलं आणि मला शेडबाहेर, कापसाचे गठ्ठे उतरवतात तिथे नेलं.

"त्येला येतंय," ती म्हणाली. "आमचं बोलणं येतंय की त्येला."

"साहेब टेक्स्टाइलची पदवी घेतलेले आहेत, नरसम्माबाई. तिथे हे शिकवत नसतील."

"हे कुठल्या शाळंत शिकवतंय, मॅडम? आईच्या मांडीवर शिकतेत. माझी पोरं शिकली तसं." तिनं पदरावरचा कापूस झटकला. "भूत न्हाई की पिशाच्च न्हाई. आम्ही झाकायचं म्हणून खात्यात आणून बोललो, तेच त्यो वर बसून बघितला."

मी म्हटलं, हे आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांगा. ती माझ्याकडे एखाद्या खुळ्या पोरीकडे बघावं तसं बघायला लागली.

"माझ्याकडं कोण बघत न्हाई की. तोंड बघितलं न्हाई तर मी बोलू कसं? महिना झाला, मला आवाजच न्हाई खात्यात."

ते मी सगळं बघितलं होतं, आणि तरी आत्ता मला समजलं, की वळलेल्या पाठी म्हणजे काय.

शालनला मी नळावर गाठलं. केबिनमध्ये तिच्याशी बोलायची माझी आता छाती नव्हती, आणि उघड्यावर बोलतानाही मी तोंडापुढे रुमाल धरला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान झटकली. साहेबांची आई गिरणीत? ज्यांच्याकडे गाडी आहे, जे काट्या-चमच्यानं जेवतात, त्यांची? नरसम्मा तुम्हालाही गुंडाळायला लागली, मॅडम.

"मला सांगायला आवाज आहे, पण पुरावा नाही," मी म्हटलं. "नरसम्माकडे बघू नका वाटलं तर. उद्या सकाळी मी केबिनमध्ये असेन तेव्हा साहेबांकडे बघा. तुम्ही सगळ्या बघा."

नरसम्मानं मला एकच काम दिलं होतं. त्येला काचेकडं तोंड करून बसवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी काचेला पाठ करून बसले, म्हणजे खवणेकरांना समोरची खुर्ची घेणं भाग पडलं. चौकशी संपत आली आहे, तुमच्याविरुद्ध काही निघत नाही, असं मी म्हटलं. ते माझ्या तोंडाकडे बघत हसले. नरसम्मा कामुर्तीबद्दल काय ठरवलंत, असं त्यांनी विचारलं. खात्याच्या हिताच्या दृष्टीनं तिला जाऊ द्यावं, मी स्वतः तिला चांगलं प्रमाणपत्र देईन, असं म्हणता म्हणता ते थांबले.

त्यांची नजर माझ्या खांद्यावरून खाली गेली होती. मी वळले.

नरसम्मानं मशीन सोडलं होतं. जिन्याच्या पायथ्याशी, धुक्यातून बाहेर येऊन ती उभी होती आणि चेहरा वर करून बोलत होती. तिच्या मागे सगळं खातं कामावर होतं. हात चालू होते. पण एकीचाही चेहरा हाताकडे नव्हता. सगळे चेहरे वर, काचेकडे होते, आणि त्या चेहऱ्यांवर काहीही नव्हतं.

नरसम्माचे ओठ थांबले. मग तिनं तेच पुन्हा विचारलं. तेच शब्द असावेत, कारण ओठ तसेच हलले.

मी खवणेकरांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. त्याखालचा माणूस मला ओळखू येईना. तो कितीतरी लहान होता. आणि मग त्यांचे ओठ हलले. माझ्यापासून हाताच्या अंतरावर त्यांनी काहीतरी म्हटलं आणि मला काहीही ऐकू आलं नाही.

खाली बायकांचे हात थांबले. आधी पुढच्या रांगेतले, मग मागचे. मशीनं चालूच होती, सुतं तुटून लोंबायला लागली, पण कुणी जोडायला वाकलं नाही.

आपण काय केलं ते खवणेकरांना तेव्हा कळलं. त्यांनी हात तोंडावर ठेवला.

"काय विचारलं तिनं?" मी म्हटलं.

ह्या वेळी ते आवाज काढून म्हणाले, "तुझी आई कुठल्या खात्यात होती, असं विचारलं."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"वाइंडिंग." त्यांनी हात खाली घेतला. "तोंडातून निघून गेलं. असं कुणी विचारलंच नव्हतं, इतक्या वर्षांत. मुंबईला होती ती गिरणीत. ऐकू यायचं बंद झालं होतं तिला. घरात आवाज काढून उपयोग नसायचा."

मला त्यांची कीव आली. खोटं कशाला सांगू, आली. पण मी विचारलं, की मग शालनच्या मुलीचं जॉबरच्या देखत का बोललात?

"खात्यात बायका एकमेकींशी फार बोलतात, मॅडम. फार बोलणारी माणसं उद्या एकत्र येतात. एकमेकींवर भरवसा नसला की हात बरे चालतात." ज्या आवाजात त्यांनी मला बिस्किट घ्या म्हटलं होतं, त्याच आवाजात त्यांनी हे सांगितलं. माझी कीव तिथल्या तिथे आटली.

मी कागद पुढे ओढला आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. त्यांनी वाचून सही केली. आता लपवून काय करायचंय, त्या माझ्यासमोर परत तोंड उघडणार नाहीत, असं म्हणाले. त्या कागदावरून पुढे त्यांची उचलबांगडी झाली आणि नरसम्माची नोकरी राहिली. शालनच्या मुलीचं मोडलेलं लग्न मात्र जुळलं नाही. तिच्या लग्नाला आणखी बरीच वर्षं लागली, असं मी ऐकलं. पण हे सगळं नंतरचं.

सहीची शाई वाळत होती तेव्हा खाली शालननं आपली जागा सोडली. रांगांमधून चालत ती जिन्याच्या पायथ्याशी आली आणि नरसम्मासमोर उभी राहिली. तोंडाला तोंड. तिचे ओठ हलले. मला काही समजेना, आणि ज्याला समजत होतं तो माझ्याशेजारी येऊन उभा होता.

विचारू नये हे मला कळत होतं. तरी मी विचारलं, "काय म्हणते ती?"

"माझ्या तोंडानं तुझं वाटोळं केलं, म्हणते."

नरसम्मा तिच्याकडे नुसती बघत राहिली. मग तिनं चेहरा वर करून एकदा काचेकडे पाहिलं आणि शालनकडे वळून थोडंसं काही म्हटलं.

"आणि ती?"

खवणेकर काचेपासून एक पाऊल मागे सरले. "म्हणते, वर माणूस बघतोय. त्याच्या देखत मी बोलायची नाही."

खाली दोघी तशाच उभ्या राहिल्या. खवणेकरही उभे होते. मग त्यांनी खुर्ची उचलली, आवाज न करता फिरवून ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

नरसम्मानं ते पाहिलं आणि तिचे ओठ हलायला लागले. शालनचेही. त्या एकाच वेळी बोलत होत्या, हात एकमेकींच्या हातांना आपटत होते. मागच्या बायका मशीन सोडून जवळ यायला लागल्या. मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, तरी मी बघत राहिले. मग मलाच कसंतरी झालं आणि मीही खुर्ची फिरवली.

आम्ही दोघं भिंतीकडे बघत बसलो. खोलीत आवाज नव्हता.

"बोलतायत का अजून?" खवणेकरांनी विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.